'जरी-तरी'चं इंग्रजी: ऑल्दो, डिस्पाइट, हाउएव्हर कुठे आणि कसे वापरायचे

बारावीचा विद्यार्थी असो, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा असो, नाहीतर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या ऑफिसात बसून ग्राहकाला ईमेल लिहिणारा असो, साधी इंग्रजी विधानं सगळ्यांना जमतात. 'द बस वॉज लेट.' जमलं. 'वी रीच्ड ऑन टाइम.' तेही जमलं. ही दोन एकत्र बांधायची म्हटलं की घोळ सुरू होतो: कुणी 'ऑल्दो' आणि 'बट' दोन्ही घालतं, कुणी 'डिस्पाइट ऑफ' लिहितं, कुणी 'हाउएव्हर'च्या आधी नुसता स्वल्पविराम देऊन पुढे जातं. या चुका अज्ञानातून कमी आणि मराठी सवयीतून जास्त येतात. म्हणून सुरुवात मराठी वाक्यापासूनच करायची. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

इंग्रजी वाक्यं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत उतरवा.

पायरी १: दोन सुटी वाक्यं लिहा आणि 'तर' की 'तरी' ते ठरवा

जोडणारा शब्द सुरुवातीला शोधूच नका. आधी दोन पूर्ण, सुटी वाक्यं लिहा आणि मराठीत ती कशाने जोडली जातात ते बघा.

गगनबावड्यात पाऊस धो-धो पडतो, तर शिरोळमध्ये कमी पडतो. इथे 'तर' बसतो. दोन ठिकाणं शेजारी ठेवून फक्त फरक दाखवला आहे. एकामुळे दुसऱ्याला अडथळा होत नाही. इंग्रजीत याला 'व्हेअरॅज' किंवा 'व्हाइल': 'गगनबावडा गेट्स हेवी रेन, व्हेअरॅज शिरोळ गेट्स मच लेस.'

गगनबावड्यात पाऊस धो-धो पडत होता, तरी एसटी वेळेवर आली. इथे 'तरी' बसतो. पावसामुळे एसटीला उशीर व्हायला हवा होता, तो झाला नाही. इंग्रजीत याला 'ऑल्दो', 'दो', 'ईव्हन दो': 'ऑल्दो इट वॉज रेनिंग हेविली, द बस केम ऑन टाइम.'

शंका आली तर स्वतःला विचारा: पहिल्या वाक्यावरून काय घडेल असं वाटलं होतं? उत्तर देता आलं आणि घडलं त्याच्या उलट, तर ते 'तरी'चं वाक्य. उत्तरच सुचत नसेल, तर नुसता फरक आहे, तिथे 'ऑल्दो' नको. 'ऑल्दो माय ब्रदर इज टॉल, माय सिस्टर लाइक्स मॅथ्स' हे व्याकरणात बसतं, पण वाचणारा उंचीचा आणि गणिताचा संबंध शोधत बसतो.

हा प्रश्न आणखी एका कामाला येतो. परीक्षेच्या तयारीत वर्षानुवर्षं फिरणारं वाक्य घ्या: 'दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.' काय घडेल असं वाटलं होतं? गरीब आहे म्हणजे लबाड असणार, असं. वाक्य शुद्ध आहे, पण त्याच्या पोटात हे गृहीतक आहे. 'तरी'चं प्रत्येक वाक्य असं काहीतरी गृहीत धरतं. नोकरीच्या अर्जात 'ऑल्दो आय ॲम फ्रॉम अ व्हिलेज, आय ॲम हार्डवर्किंग' लिहिणारा खेड्यातली माणसं आळशी असतात असं आपल्याच हाताने लिहून देतो. तिथे दोन सुटी विधानं ठेवा, नाहीतर सरळ 'अँड' वापरा.

पायरी २: घडून गेलंय की घडेल असं म्हणताय?

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचीच ही दोन वाक्यं:

पाणी ३९ फुटांवर गेलं तरी रस्ता सुरू होता.
पाणी ३९ फुटांवर गेलं तरी रस्ता सुरू राहील.

पहिला अर्धा भाग अक्षरशः एकच. फरक फक्त शेवटच्या क्रियापदात आहे. पहिल्या वाक्यात पाणी खरोखर चढलं होतं. दुसऱ्यात ते अजून चढलेलं नाही, कदाचित चढणारही नाही. मराठी दोन्हींना 'तरी'वर भागवते. शाळेच्या व्याकरणातही 'जर-तर' आणि 'जरी-तरी' संकेतबोधक अव्ययं म्हणून एकाच खणात बसतात. इंग्रजीला मात्र वेगवेगळे शब्द लागतात:

घडलेलं: 'ऑल्दो द वॉटर क्रॉस्ड ३९ फीट, द रोड रिमेन्ड ओपन.'
घडेल असं: 'ईव्हन इफ द वॉटर क्रॉसेस ३९ फीट, द रोड विल रिमेन ओपन.'

दुसऱ्या वाक्यात दोन खाचा आहेत. मराठीत 'गेलं' हे भूतकाळी रूप आहे म्हणून हात 'क्रॉस्ड'कडे जातो; तिथे साधा वर्तमानकाळ हवा. आणि गोष्ट पुढची आहे म्हणून 'ईव्हन इफ'च्या भागात 'विल' घालावंसं वाटतं; तेही नको. 'विल' फक्त मुख्य वाक्यात.

नुसता 'ईव्हन' वाक्यं जोडत नाही. 'सुद्धा'च्या सवयीने 'ईव्हन ही वॉज इल, ही केम टू वर्क' असं लिहिलं जातं, ते चूक. घडलेलं असेल तर 'ईव्हन दो', घडेल असं असेल तर 'ईव्हन इफ'. 'ईव्हन दो' हा 'ऑल्दो'पेक्षा जरा ठसक्याचा: 'एवढं असूनसुद्धा' अशा सुराचा. प्रत्येक वाक्यात तो वापरला की ठसका जातो.

आणि 'तरी' दिसला की लगेच 'ऑल्दो' काढू नका. 'निदान पाच मिनिटं तरी थांब' इथे 'ॲट लीस्ट', 'कुठंतरी' म्हणजे 'समव्हेअर'. 'कितीही प्रयत्न केला तरी' याची सोय पाचव्या पायरीत आहे.

पायरी ३: शब्दाच्या पुढे काय येतंय ते बघा

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड'खाली 'इन स्पाइट ऑफ वापरून लिहा' असं आलं की हाच प्रश्न विचारलेला असतो.

'ऑल्दो', 'दो', 'ईव्हन दो' यांच्यापुढे पूर्ण वाक्य लागतं, म्हणजे कर्ता आणि त्याचं क्रियापद. 'डिस्पाइट' आणि 'इन स्पाइट ऑफ' यांच्यापुढे नाम लागतं किंवा क्रियापदाचं आयएनजी लावलेलं रूप. 'डिस्पाइट इट वॉज रेनिंग' चूक, कारण पुढे 'वॉज' आलं. 'ऑल्दो द रेन, वी वेंट' हेही चूक, कारण पुढे क्रियापदच नाही.

मराठीत ही खूण आधीच असते. मराठी वाक्यात 'जरी... असलं तरी' असेल तर 'ऑल्दो'. 'पावसातही', 'उशीर होऊनही', 'आजारी असूनही' अशी रूपं असतील तर 'डिस्पाइट'. दोन्हींचा अर्थ तोच, सांगाडा वेगळा.

'डिस्पाइट' हा एक शब्द आहे आणि त्याच्यामागे 'ऑफ' कधीच येत नाही. 'इन स्पाइट ऑफ' हे तीन सुटे शब्द आहेत आणि 'ऑफ' कधीच गळत नाही. दोन्हींच्या अर्थात फरक नाही. लिहिताना 'डिस्पाइट' बरा, एकाच शब्दात काम होतं.

आता 'ऑल्दो'चं वाक्य 'डिस्पाइट'मध्ये कसं बदलायचं ते. तीन रस्ते आहेत.

पहिला, विशेषण उचलून नामाच्या आधी ठेवायचं आणि 'वॉज' काढून टाकायचं. 'ऑल्दो द रोड वॉज बॅड, वी रीच्ड पन्हाळा बाय टेन' याचं 'डिस्पाइट द बॅड रोड, वी रीच्ड पन्हाळा बाय टेन'.

दुसरा, विशेषणाचं किंवा क्रियापदाचं नाम करायचं आणि कर्त्याच्या जागी 'हिज', 'हर', 'देअर' आणायचं. 'ऑल्दो ही वॉज इल' याचं 'डिस्पाइट हिज इलनेस'. यासाठी शब्दांच्या जोड्या पाठ लागतात: इल–इलनेस, पुअर–पॉव्हर्टी, रिच–वेल्थ, डिफिकल्ट–डिफिकल्टी, फेल–फेल्युअर, ॲब्सेंट–ॲब्सेन्स, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ. अशा वीसेक जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या तर परीक्षेतली बहुतेक वाक्यं सुटतात.

तिसरा, नाम सुचत नसेल तर आयएनजी रूप. 'ऑल्दो शी वर्क्ड ऑल नाइट' याचं 'डिस्पाइट वर्किंग ऑल नाइट'. 'वॉज' किंवा 'इज' असेल तर 'बीइंग': 'डिस्पाइट बीइंग टायर्ड'. नकार असेल तर 'नॉट' आधी: 'डिस्पाइट नॉट हॅविंग अ तिकीट'.

तिसऱ्या रस्त्यावर एक खड्डा आहे. आयएनजी रूप वापरायचं असेल तर दोन्ही भागांचा कर्ता एकच हवा. 'वर्किंग' करणारी तीच, पुढच्या वाक्यातही तीच. 'पाऊस पडत असूनही आम्ही गेलो' यात पडतो पाऊस आणि जातो आपण. मराठीला ते चालतं, म्हणून 'डिस्पाइट रेनिंग, वी वेंट' हे आपल्याला खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र आपणच ढगातून पडत होतो असं वाटतं. तिथे पहिला रस्ता घ्या: 'डिस्पाइट द रेन, वी वेंट.' नाहीतर मुकाट 'ऑल्दो'कडे परत या.

काहीच जमत नसेल तर 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' लिहून पुढे पूर्ण वाक्य ठेवता येतं. शुद्ध आहे, पण 'ऑल्दो' एका शब्दात जे करतो त्यासाठी चार शब्द खर्च होतात. परीक्षेत अडकलात तर वापरा, ईमेलमध्ये नको.

पायरी ४: जोडणारा शब्द एकदाच

मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतोच. 'जरी' गाळता येतो, 'तरी' नाही. म्हणून 'ऑल्दो'ने सुरुवात केली की मधे 'बट' आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. इंग्रजीत दोन्हींपैकी एकच. 'ऑल्दो इट इज कॉल्ड कोल्हापुरी, द चप्पल इज ऑल्सो मेड इन अथणी.' किंवा 'इट इज कॉल्ड कोल्हापुरी, बट द चप्पल इज ऑल्सो मेड इन अथणी.' लिहून झालं की 'ऑल्दो'वर बोट ठेवा आणि पूर्णविरामापर्यंत 'बट' शोधा. सापडला तर दोनपैकी एक खोडा.

'दो'च्या जोडीला 'येट' जुन्या इंग्रजीत सापडतं आणि जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतही. आज लिहिताना ते टाळलेलंच बरं. 'स्टिल' मात्र चालतं, कारण ते इथे वाक्यं जोडत नाही, क्रियापदाला चिकटतं: 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही स्टिल केम.'

पायरी ५: स्वल्पविराम, पूर्णविराम

'ऑल्दो'चा भाग आधी आला तर तो संपतो तिथे स्वल्पविराम. तोच भाग नंतर आला तर बहुतेक वेळा लागत नाही: 'द बस केम ऑन टाइम ऑल्दो इट वॉज रेनिंग.' 'व्हेअरॅज'च्या आधी द्यावा. 'बट' दोन पूर्ण वाक्यांच्या मधे असेल तर त्याच्या आधी द्यावा, नंतर नाही. 'बट'ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत सांगतात. छापील इंग्रजीत ते सर्रास सुरू होतं. परीक्षेत हवं तर टाळा.

'हाउएव्हर'ला मात्र वेळ द्यायला हवा. तो 'बट'चा भारदस्त भाऊ वाटतो, पण जातीने उभयान्वयी अव्यय नाही, क्रियाविशेषण आहे. तो दोन वाक्यं बांधून ठेवू शकत नाही. म्हणून 'द बस वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम' चूक. 'लेट'नंतर पूर्णविराम द्या किंवा अर्धविराम द्या आणि 'हाउएव्हर'च्या पाठोपाठ स्वल्पविराम: 'द बस वॉज लेट. हाउएव्हर, वी रीच्ड ऑन टाइम.' मराठीतल्या 'मात्र'सारखा तो वाक्याच्या मधेही बसतो, तेव्हा दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागतात: 'वी, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम.' 'नेव्हरदलेस' आणि 'नन्दलेस' यांचे नियम तेच. हे दोन्ही एकेक शब्द आहेत, तीन तुकडे करून लिहू नका.

'हाउएव्हर'नंतरचा स्वल्पविराम गाळला आणि लगेच विशेषण किंवा क्रियाविशेषण आलं तर अर्थच पालटतो. 'हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, द इंजिन डिड नॉट स्टार्ट' म्हणजे कितीही प्रयत्न केला तरी इंजिन सुरू झालं नाही. दुसऱ्या पायरीत राहिलेल्या 'कितीही... तरी'ची हीच सोय. बोलताना 'नो मॅटर हाउ हार्ड' सोपं पडतं.

उलट चूकही होते: 'ऑल्दो'ला 'हाउएव्हर' समजून 'ऑल्दो, वी रीच्ड ऑन टाइम' असं लिहिलं जातं. 'ऑल्दो'च्या पाठोपाठ स्वल्पविराम देऊन वाक्य सुरू करता येत नाही, आणि त्याचा भाग एकटा पूर्णविराम घेऊन उभाही राहत नाही. त्याला मुख्य वाक्याचा आधार लागतो.

बोलण्यात 'दो' वाक्याच्या शेवटी येतो आणि छान वाटतो: 'द मिसळ वॉज टू हॉट. आय फिनिश्ड इट, दो.' तिथे 'ऑल्दो' चालत नाही. उच्चार 'थो' नाही. 'द' या उपपदातलाच 'द'. स्पेलिंगमध्ये 'ऑल्दो'ला एल एकच.

पायरी ६: वजन कुठे पडतंय

व्याकरण बरोबर असूनही वाक्य तोट्यात जाऊ शकतं. ही दोन बघा:

'ऑल्दो द डिलिव्हरी वॉज लेट, द क्वालिटी इज एक्सलंट.'
'ऑल्दो द क्वालिटी इज एक्सलंट, द डिलिव्हरी वॉज लेट.'

माहिती तीच. पहिलं वाक्य माल पाठवणारा लिहील, दुसरं माल घेणारा पैसे अडवताना. 'ऑल्दो'च्या भागात जे जातं ते मान्य करून बाजूला ठेवलेलं असतं. मुख्य वाक्यात, विशेषतः शेवटी, जे राहतं ते लक्षात राहतं. 'बट'मध्येही 'बट'च्या पुढचंच वजनदार. म्हणून कुठला भाग 'ऑल्दो'ला द्यायचा हे आधी ठरवा. पायरी १ मध्ये दोन वाक्यं सुटी लिहायला सांगितली ती यासाठीही.

'उलट' या शब्दाची फसगत

'ऑन द कॉन्ट्ररी' आणि 'ऑन द अदर हँड' या दोन्हींना मराठीत 'उलट', 'याउलट' म्हणता येतं, म्हणून अदलाबदल होते. 'ऑन द कॉन्ट्ररी' आधीचं म्हणणं खोडून काढतं: 'द रस्सा इज नॉट माइल्ड. ऑन द कॉन्ट्ररी, इट इज फायरी.' विषय तोच, रस्सा. गगनबावडा आणि शिरोळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोणीच कोणाला खोडत नाही. तिथे 'बाय कॉन्ट्रास्ट' किंवा 'ऑन द अदर हँड'. 'व्हाइल' वापरताना त्याचा 'त्याच वेळी' हा दुसरा अर्थ घुसत नाही ना एवढं बघा; शंका आली की 'व्हेअरॅज'. 'ऐवजी'ला 'इन्स्टेड ऑफ', पुढे नाम किंवा आयएनजी, 'डिस्पाइट'सारखंच.

एक ईमेल दुरुस्त करू

कच्चा मसुदा असा:

'ऑल्दो द पॉवर वॉज ऑफ फॉर टू डेज, बट वी कम्प्लीटेड द कास्टिंग्ज. डिस्पाइट ऑफ हेवी रेन, द ट्रक लेफ्ट शिरोली ऑन मंडे, हाउएव्हर इट इज वेटिंग निअर निपाणी. ईव्हन इट विल रीच यू आफ्टर फ्रायडे, वी विल पे द एक्स्ट्रा फ्रेट.'

पहिल्या वाक्यात 'ऑल्दो' आणि 'बट' दोन्ही आहेत, 'बट' जातो. दुसऱ्यात 'डिस्पाइट'मागचा 'ऑफ' जातो, आणि 'मंडे'नंतरच्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यं बांधायचा प्रयत्न केलाय, तिथे पूर्णविराम. तिसऱ्यात नुसता 'ईव्हन' आहे. ट्रक अजून पोहोचायचा आहे, म्हणजे 'ईव्हन इफ', आणि त्या भागातला 'विल' काढून 'रीचेस'.

'ऑल्दो द पॉवर वॉज ऑफ फॉर टू डेज, वी कम्प्लीटेड द कास्टिंग्ज. डिस्पाइट हेवी रेन, द ट्रक लेफ्ट शिरोली ऑन मंडे. हाउएव्हर, इट इज वेटिंग निअर निपाणी. ईव्हन इफ इट रीचेस यू आफ्टर फ्रायडे, वी विल पे द एक्स्ट्रा फ्रेट.'

शुद्ध झालं, पण चार वाक्यांत चार जोडशब्द म्हणजे जरा कसरतच. 'हाउएव्हर' काढून तिथे 'इट इज नाउ वेटिंग निअर निपाणी' एवढंच ठेवलं तरी ग्राहकाला सगळं कळतं. आणि भाडं आपण भरणार हे शेवटी आहे, ते तिथेच राहू द्या.